तुझ्या भावाचं रक्त

आई, तुझ्या भावाचं रक्त माझ्याकडे आहे. लॅबच्या फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात, उरलेलं अर्धी नळीभर. कऱ्हाडच्या दोन सख्ख्या मामांचं म्हणत नाही मी, ते केव्हाच गेले. मी म्हणते तो तुझा मानलेला भाऊ, बडा बाजारच्या मागच्या गल्लीतले आपले डॉक्टरमामा. ते जिवंत आहेत. ऐंशीचे झाले. तू सत्तेचाळीसची गेलीस आणि ते ऐंशीचे झाले, हा हिशेब मी गेली कित्येक वर्षं दर दिवाळीला मनात करते आणि दर दिवाळीला माझं डोकं फिरतं. बारा दिवसांपूर्वी त्यांच्या दंडाला मी माझ्या हातानं पट्टा बांधला, शीर शोधली, सुई घातली. तेव्हापासून काय काय झालं ते तुला सांगायचं म्हणून आज दुपारी लॅबचं शटर अर्धं ओढून बसले आहे. मराठीत लिहायला बसून जमाना झाला. मधेमधे हिंदी घुसेल, रागावू नकोस. इथे बोलायला कोण उरलंय मराठीत? तुझा नातू सगळं समजतो आणि उत्तर देतो, 'हाँ मम्मी'.

तू कशी दिसत होतीस ते तुला कधी कळलंच नसेल, कारण शेवटची दोन वर्षं तू आरशाकडे बघायचं सोडलं होतंस. मला मात्र आजही लख्ख दिसतेस. कारखान्याच्या कॉलनीतलं आपलं क्वार्टर, आतलं ते अरुंद स्वयंपाकघर. कार्तिक नुकताच लागलाय. शेजारची सरदारीण अजून पंखा लावते आणि तू दोन स्वेटर घालून, डोक्याला बाबांचा मफलर गुंडाळून शेगडीला चिकटून बसली आहेस. पोळी लाटता लाटता तुझा हात थांबतो. मी म्हणते, "आई, तवा जळतोय." तू मान वर करतेस, पण इतकी सावकाश, की तोवर पोळीचा कोळसा. आवाज घोगरा, घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. फणीत केसांचा गुंता, भुवया बाहेरच्या टोकांना विरळ होत होत नाहीशा. बोटं अशी सुजली की बांगड्या निघेनात. आणि कऱ्हाडहून आलेली मामी काय म्हणाली आठवतं? "परमुलखात वन्सं चांगल्याच सुखावल्या की!" सगळे हसले, बाबा पण. तू पण हसलीस बाई, आणि मग मोरीत जाऊन रडलीस. मी बाहेर उभी होते. मला ऐकू येत होतं.

डॉक्टरमामा आपल्याला कसे मिळाले ती गोष्ट तू शंभरदा सांगायचीस. बाबांची बदली झाली, तू लग्न होऊन थेट झाशीत आलीस, हिंदीचा एक शब्द धड येत नव्हता. भाजीवाल्याला 'कोथिंबीर द्या' म्हणायचीस आणि तो भलतंच काही उचलून द्यायचा. अशात मराठी मंडळाच्या गणपतीत हे भेटले. त्यांचं घराणं सात पिढ्या झाशीतलं, पण घरात अजून जुनं मराठी, 'फडताळ' आणि 'दिवाणखाना' म्हणणारं. तुझं पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा ते धावून आले आणि म्हणाले, "ताई, घाबरू नकोस, मी आहे." तुझ्यापेक्षा वयानं मोठे, तरी ताई म्हणाले. बस्स. तू त्या दिवसापासून त्यांना भाऊ केलंस. दर भाऊबीजेला पाट, रांगोळी, तबकात सुपारी नि अंगठी, आणि तुझ्या हातचे अनारसे. ते यायचे, पाटावर बसायचे, तू ओवाळायचीस. आणि ओवाळून झालं की फराळाच्या ताटावरच तुझी तपासणी व्हायची. वर्षभराची सगळी दुखणी तू त्या दिवसासाठी राखून ठेवायचीस, कारण भावाच्या दवाखान्यात गर्दीत जाऊन बसणं तुला बरं दिसायचं नाही. आणि बहिणीची नाडी बघायची, गळा चाचपायचा, रक्त काढायचं, हे त्यांना बरं दिसायचं नाही. सांग आता. अशी तपासणी दुनियेत कुणाची होत असेल? चिवडा खाता खाता!

"भाऊ, फार थंडी वाजते हो. पोट साफ होत नाही. डोकंच चालत नाही, काल वरणात मीठ दोनदा घातलं." मी चहा घेऊन उभी आहे. ते बोटांना लागलेलं तिखट पुसतायत. "ताई, तुला काही झालेलं नाही. मुलं मोठी झाली, डोक्याला उद्योग नाही, म्हणून दुखणं सुचतं. भात सोड, सकाळी किल्ल्यापर्यंत फिरून ये. आणि झोपेची ही गोळी घे, मन शांत राहील." झोपेची गोळी! जी बाई लाटणं हातात धरून झोपत होती तिला! मग ते उठले, तुझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि तू धन्य झालीस. आई, तो हात मी नीट पाहिला आहे. तोच हात वीतभर खाली आणून त्यांनी तुझा गळा चाचपला असता, एकदा, नुसता एकदा, तर आज तू शहात्तर वर्षांची असतीस आणि माझ्या मराठीच्या चुका काढत असतीस.

संधी आली होती, हे मी कधी विसरणार नाही. बबीन्याच्या छावणीतली ती फौजी सुभेदाराची बायको, साताऱ्याकडची, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आली होती. ती एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती लग्नाआधी. तुला वाण देताना तिचा हात तसाच राहिला. म्हणाली, "काकू, थायरॉईड तपासलंय का कधी?" आपण दोघींनी तो शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तू काय केलंस? मामांना विचारलंस. आणि मामा खदखदून हसले. "अगं, गळ्याला गाठ कुठाय तुझ्या? हे फौजी लोकांचं नवीन खूळ. रक्त ग्वाल्हेरला पाठवायचं, दहा दिवस थांबायचं, आणि निघायचं काय तर काही नाही." मी तेव्हा एकोणीसची. मी म्हणाले, "आई, आपण ग्वाल्हेरलाच जाऊ, मोठ्या दवाखान्यात, मी येते बरोबर." तुला आयुष्यात मी इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं. एवढ्या मंद झालेल्या अंगात तो राग कुठून आला कोण जाणे. "भावाच्या तोंडावर दुसरा डॉक्टर करू? या मुलखात एक माणूस ताई म्हणणारा आहे, तोही तोडू? पुन्हा तोंडातून काढशील तर याद राख." मी पुन्हा तोंडातून काढलं नाही. तुझं ऐकलं, आणि त्याच्याबद्दल मी तुलाही माफ केलेलं नाही, हे आज लिहूनच टाकते.

त्याच्या पुढच्या वर्षी जानेवारीत तू गेलीस. कडाक्याची थंडी, सकाळी नळाला हात लावला तर चटका बसावा अशी. तीन दिवस तू नुसती झोपून होतीस. अंग गार, बोलावलं तर हुं, मग हुं पण नाही. मामा आले, दारातूनच बघितलं, म्हणाले, "गोळीचा असर आहे, थकलीय, झोपू दे तिला. रजई घाला अजून एक." चौथ्या दिवशी सकाळी तू नव्हतीस. सर्टिफिकेट त्यांनीच दिलं, हृदय बंद पडलं म्हणून. हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं शेवटी. तेराव्याला ते पंगतीत बसले आणि बाबा त्यांना आग्रह करकरून वाढत होते.

मी लॅबचा कोर्स का केला ते बाबांना कधी कळलं नाही. मलाही तेव्हा कुठे कळत होतं? नोकरी लवकर लागते, एवढंच. पण दुसऱ्या वर्षी सर वर्गात लिहून देत होते, हार्मोन कमी पडल्यावर काय होतं ते, आणि मी लिहून घेत होते: चेहरा सुजतो, आवाज बसतो, भुवयांची टोकं झडतात, थंडी सोसत नाही, आणि थंडीच्या दिवसांत झोपेची औषधं दिली तर रोगी बेशुद्ध होऊन दगावू शकतो. आई गं. माझा पेन थांबला. सर तुझं वर्णन लिहून देत होते. पुढे उपाय लिहून दिला. रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीकशी गोळी. बस्स, एवढंच? एवढंच. मी वर्गातून उठून बाहेर गेले आणि जिन्यात बसून तुझ्या भावाला तोंडाला येतील तेवढ्या शिव्या दिल्या, मराठीत दिल्या, हिंदीत दिल्या, आणि बुंदेलीत ज्या येत होत्या त्याही दिल्या.

मला वाटलं होतं, काळ बदलला, आता असं होत नसेल. कसलं काय! मानिक चौकाजवळ माझी लॅब आहे, वीस वर्षं मी याच कामात आहे, आणि रोज एक तरी तू माझ्या स्टुलावर येऊन बसतेस. परवा टहरौलीहून पहाटेच्या बसनं एक बाई आली, शाल पांघरून, तोंड सुजलेलं. "हमें तो हर बखत नींद आउत, दीदी। घर के कहत, आलसी हो गई।" नवरा मागे उभा, म्हणतो, "नाटक है जी।" हार्मोन जितका कमी पडेल तितका रिपोर्टातला आकडा वर जातो, आणि तिचा असा वाढलेला की मी मशीन पुन्हा लावून पाहिलं. डॉक्टरकडून परत आली तर हातात कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या आणि थायरॉईडची गोळी, तिन्ही सकाळी एकदम चहाबरोबर घ्यायला सांगितलेल्या. म्हणजे घेतली काय न घेतली काय, सारखंच. दुसरा डॉक्टर आहे तो झाशीतल्या यच्चयावत बायकांना एकाच ताकदीची गोळी लिहितो, मग ती वीस वर्षांची पोर असो की सत्तरीची म्हातारी. आणि एका पोरीला एकानं सांगितलं, 'शादी के बाद अपने आप ठीक हो जाएगा।' मी लॅबवाली. मला औषध सांगायचा हक्क नाही. मी फक्त बाईला बाजूला घेऊन हळूच सांगते, गोळी एकटी घ्या, उपाशीपोटी, साध्या पाण्यानं, चहा नंतर. पण एक गोष्ट लक्षात ठेव आई, पुढे लागेल. या वीस वर्षांत तुझ्या भावाच्या दवाखान्यातून थायरॉईडची एकही चिठ्ठी माझ्याकडे आली नाही. एकही नाही. शुगर आली, टायफॉईड आला, मलेरिया तर पोत्यानं आला.

मग माझी पाळी आली. अडतिसाव्या वर्षी मी पण स्वेटर काढेना झाले. माझं रक्त मी स्वतःच काढलं, डाव्या हाताचं उजव्या हातानं, आणि आकडा बघून हसले, कारण मला तो आधीच माहीत होता. तो कागद घेऊन मी तीन डॉक्टर केले. पहिला म्हणाला, "रिपोर्ट पढ़ना आ गया तो डॉक्टर हो गईं आप?" दुसऱ्यानं कागद न बघता उदासीची गोळी लिहिली. तिसऱ्यानं गोळी बरोबर लिहिली आणि परत कधी तपासायचं ते सांगितलंच नाही, मी विचारलं तर म्हणाला, "चलने दीजिए।" शेवटी ग्वाल्हेरला एक पोरगेलीशी डॉक्टरीण सापडली. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली, दोन्ही हातांची बोटं माझ्या गळ्यावर ठेवली आणि म्हणाली, "एक घूँट पानी निगलिए।" मी गिळलं आणि मला रडूच कोसळलं. ती घाबरली, "दर्द हुआ क्या?" म्हणून विचारते बिचारी. तिला काय सांगू? इतकं सोपं होतं, आई. एक घोट पाणी.

तर बारा दिवसांपूर्वीचं. मामांच्या सुनेचा फोन आला. ती कानपूरची, मला ओळखत नाही, लॅबवाली म्हणूनच ओळखते. "पापाजी का शुगर और किडनी का टेस्ट है, घर आकर ले लीजिए।" मी दुसऱ्या कुणाला पाठवू शकले असते. मी गेले. दिवाणखान्यात ते खुर्चीत बसले होते आणि मी उंबऱ्यावरच थांबले. कानटोपी, शाल, वर रजई. सून घाम पुसत होती आणि ते कुडकुडत होते. चेहरा सुजून गोल झालेला. भुवयांची बाहेरची टोकं गायब. "कोण?" म्हणाले, आणि तो आवाज, आई, घागरीतला, तुझा. मी नाव सांगितलं. बराच वेळ लागला त्यांना, मग म्हणाले, "ताईची पोर ना तू?" सून मला सांगत होती, "सारा दिन सोते रहते हैं। डॉक्टर साहब कहते हैं, उमर है। और फिर ऊपर से नींद की गोली भी खाते हैं, अपनी मर्ज़ी से।" मी पट्टा बांधला. खरं सांगते, मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. देव आहे म्हटलं! जो माणूस हा रोग ओळखू शकला नाही त्याला हाच रोग झालाय, आणि आता स्वतःचाही ओळखता येत नाहीये त्याला. आणि हे सगळ्या झाशीत फक्त मला माहीत आहे.

शुगर आणि किडनीचा रिपोर्ट मी त्याच संध्याकाळी पाठवला. उरलेल्या रक्तावर थायरॉईडची टेस्ट लावली. कुणी सांगितली नव्हती, माझ्या मनानं लावली. आकडा शंभराच्या पलीकडे, मशीन मोजू शकेल त्याच्यावर. मी तो कागद छापला आणि माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. आणि गप्प बसले. रोज सकाळी लॅब उघडली की अगरबत्ती लावायच्या आधी ड्रॉवर उघडून तो कागद बघायचा, हा माझा नेम झाला. थंडी वाढत होती. पेपरात पारा उतरल्याची बातमी आली की मला गोड वाटायचं. अजून एक रजई घाला म्हणावं. झोपू द्या त्यांना, थकले असतील. कुणी मला विचारलं असतं तर मी म्हणाले असते, टेस्ट लिहिलीच नव्हती, मला काय माहीत? आणि टेस्ट लिहिली नव्हती हे खोटं पण नव्हतं. बारा दिवस मी असं सुखात काढले. तुझी मुलगी अशी निघाली, बघ.

काल दुपारी मात्र मला राहवेना. दया आली म्हणून नव्हे, तो गैरसमज करून घेऊ नकोस. मला अचानक वाटलं, हा माणूस असाच झोपेत गेला तर त्याला कळणारच नाही. सगळं मंडळ गोळा होईल, 'झाशीच्या मराठी माणसांचा आधार गेला' म्हणून कुणीतरी भाषण करेल, आणि तो सुटेल. फुकट सुटेल! छे. मी रिपोर्ट पुन्हा छापला, वरचं नाव-वय गाळून, ड्रॉवरमधला नावाचा कागदही पर्समध्ये टाकला, आणि गेले. सून स्वयंपाकघरात होती. मी त्यांच्या समोर स्टूल ओढलं, कागद हातात दिला आणि म्हणाले, "मामा, जरा बघता का? एका पेशंटचा आहे."

त्यांनी चष्मा शोधला. कागद डोळ्यांजवळ नेला. किती वेळ ते वाचत होते! मग मान वर केली आणि त्या जड जिभेनं म्हणाले, "ही बाई जिवंत आहे?" मी म्हटलं, "का?" म्हणाले, "अगं, हिला लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं. झोपेचं औषध अजिबात द्यायचं नाही हिला." पाठ होतं त्यांना. सगळं पाठ होतं! मी म्हणाले, "लक्षणं सांगते. थंडी सोसत नाही. आवाज घोगरा. भुवया झडल्या. वरणात मीठ दोनदा घालते. लाटता लाटता झोपते." मीठ म्हटल्यावर त्यांचा चेहरा बदलला. कागद मांडीवर पडला. "ताईचा आहे का गं हा?" त्यांनी विचारलं. "ताईचा रिपोर्ट आहे?"

मग ते स्वतःच बोलत सुटले, थांबत थांबत. तू गेल्यावर चार-पाच वर्षांनी ते ग्वाल्हेरला डॉक्टर लोकांच्या सभेला गेले होते. कुणीतरी पडद्यावर एका बाईचा फोटो दाखवला. "ताईच होती ती. म्हणजे दुसरी कुणी, पण ताईच. त्या दिवसापासून मला माहीत आहे." मी म्हटलं, "आणि मग? मग पुढे तरी बायकांना तपासलंत?" त्यांनी नुसती मान हलवली. नाही. "चिठ्ठीवर ते नाव लिहायला गेलं की ताई आठवायची. हात चालायचा नाही. म्हणून नाही लिहिलं कधी." आई, मला वाटलं होतं हा माणूस अडाणी आहे. तो अडाणी नव्हता गं! त्याला पंचवीस वर्षं माहीत होतं. त्याला लाज वाटायची म्हणून बडा बाजारातल्या, टहरौलीच्या, कुठकुठच्या बायका त्याच्या दारातून टॉनिक घेऊन परत जात राहिल्या. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "ताईचा नाही हा. ताईचा तुम्ही कधी काढलाच नाही. हा तुमचा आहे."

तो क्षण मी किती वर्षं मनात घोळवला होता! तो घाबरेल, माझे पाय धरेल, वाचव म्हणेल. काय झालं सांगू? त्यांनी कागदाची शांतपणे चौघडी केली, माझ्या हातात परत दिली आणि म्हणाले, "मग राहू दे पोरी. कुणाला सांगू नकोस. हे बरोबर आहे." आणि डोळे मिटून घेतले! मेल्याला देहान्त प्रायश्चित्त पाहिजे होतं, तेही रजईत, झोपेत, फुकटात. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणजे हेही तुम्हीच ठरवणार? तुझं औषध यांनी ठरवलं, तुझं मरण यांनी ठरवलं, आणि आता माझा सूडही यांच्याच सोयीनं? मी तशीच स्वयंपाकघरात गेले. सुनेच्या हातातलं लाटणं काढून ओट्यावर ठेवलं, नावाचा कागद तिच्या हातात दिला आणि तिला हिंदीत सगळं सांगितलं. "आज ही ग्वालियर ले जाइए। नींद की गोली फेंक दीजिए, अभी, मेरे सामने। ये उमर नहीं है, बीमारी है, इसका इलाज है।" ती रडायला लागली, मग मुलाला फोन केला, मग गाडी आली. गाडीत बसवताना ते माझ्याकडे बघत होते. मी वाकून त्यांच्या कानात म्हणाले, "आता रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची. जगाल तोपर्यंत. आणि रोज गोळी गिळताना ती आठवायची." आता ते ग्वाल्हेरला भरती आहेत. सुनेचा फोन आला होता सकाळी. डॉक्टर म्हणतात, वय आहे म्हणून अगदी थोड्या औषधानं सुरुवात केली आहे, पण वाचतील. माझ्याच त्या डॉक्टरीणबाई बघतायत त्यांना. त्यांनी गळा चाचपलाच असेल.

मला वाटलं होतं आज मोकळं मोकळं वाटेल. सकाळी ड्रॉवर उघडला, तो रिकामा, आणि बघायला काही नाही. तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. बारा दिवस एक माणूस झोपून आहे आणि मी त्याला उठवत नाही, हे मला इतकं सोपं कसं गेलं? हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच आहे, तर सांगूनच टाकते. ते तीन दिवस, जानेवारीतले. माझी परीक्षा जवळ आली होती. तुझं ते सारखं सारखं 'थंडी वाजते गं, थंडी वाजते' ऐकून मी कंटाळले होते. मामा म्हणाले झोपू दे तिला, आणि मला बरं वाटलं, आई. घर शांत झालं. मी तुझ्या पायाशी बसून अभ्यास केला, तिन्ही दिवस, छान अभ्यास झाला. दुसऱ्या दिवशी तुझा पाय माझ्या हाताला लागला, तो बर्फासारखा होता. मी त्यावर रजई ओढली आणि पान उलटलं.